आक्रमणानंतरची पहिली सकाळ : मणिकर्णिका घाट आपल्याला काय शिकवतो?

एखादा परग्रहवासीयांचा सिनेमा आठवून बघा. आकाशात शहराएवढी तबकडी येते, इमारती कोसळतात, पूल तुटतात, माणसं सैरावैरा धावतात. शेवटच्या वीस मिनिटांत कुणीतरी हुशार माणूस शत्रूचं मर्म शोधून काढतो. तबकडी पडते, लोक एकमेकांना मिठ्या मारतात आणि पडद्यावर नावं यायला लागतात. तुम्ही पॉपकॉर्नचा रिकामा डबा शोधत उठता.

मला मात्र लहानपणापासून पुढची सकाळ बघायची असते. त्या उद्ध्वस्त शहरात दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? पाणी कुठून आलं? पहिली चूल कुणी पेटवली? इतक्या प्रेतांचं काय केलं? आणि एकट्या उरलेल्या मुलाला त्याच्या आजोबांचं नाव कुणी सांगितलं? शत्रू हरला की गोष्ट संपते असं सिनेमावाल्यांना वाटतं. घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, खरी गोष्ट तिथून सुरू होते.

बीए इंग्रजीला असताना एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ वाचली होती. १८९८ची कादंबरी. मंगळावरून आलेले आक्रमक तोफांनी मरत नाहीत, ते पृथ्वीवरच्या साध्या जिवाणूंनी मरतात. वर्गात आम्ही त्या शेवटावर खूप बोललो. पण लंडन पुन्हा कसं उभं राहिलं असेल, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही.

तो प्रश्न मला परत भेटला काशीत, मणिकर्णिका घाटावर, आजीचा हात धरून उभी असताना.

परग्रहावरचे नव्हेत, तरी परकेच

काशी आणि विज्ञानकथा यांचं एक नातं आपल्या मराठीतच आहे. घराघरात मराठी विज्ञानकथा पोहोचवणारे डॉ. जयंत नारळीकर यांचं बालपण आणि शिक्षण काशीत झालं. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राच्या नावातल्या चार नगरांपैकी पहिलं नगर म्हणजे बनारस. परग्रहावरच्या जीवसृष्टीचा विचार करणारा माणूस याच गल्ल्यांमधून शाळेत गेला, हे मला उगाचच आवडतं.

परग्रहावरून काशीत अजून कुणी आलेलं नाही. पण ‘परके’ अनेकदा आले. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईनंतर घोरीच्या फौजेने हे शहर लुटलं. नंतरच्या शतकांत देवळं पडली, उभी राहिली, पुन्हा पडली. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने विश्वेश्वराचं मंदिर पाडलं गेलं. तेव्हाच्या सामान्य माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याच्याभोवती घर, लग्न, मरण, पंचांग, रोजची कमाई सगळं फिरत होतं, ते मधलं केंद्रच एका सकाळी नाहीसं झालं. त्याच्यासाठी हे तबकडी उतरण्यापेक्षा वेगळं होतं का?

आणि तरीही दुसऱ्या दिवशी गंगेवर आंघोळीला माणसं आली असणार. मणिकर्णिकेवर चिता पेटली असणार. मला हीच सकाळ शोधायची होती.

रिकाम्या जागेला प्रदक्षिणा

उभारणीची सुरुवात दगडांपासून होत नाही. ती ‘आता काय करायचं?’ या प्रश्नाच्या उत्तरापासून होते. आणि हे उत्तर काशीला एका पैठणकर घराण्याने दिलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

सोळाव्या शतकात रामेश्वर भट्ट नावाचे विद्वान पैठणहून काशीला जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट. १५८५ च्या सुमारास, अकबराच्या दरबारातल्या तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचं मंदिर पुन्हा उभं राहिलं, त्यामागे हेच नारायण भट्ट होते. पण मला त्यांच्या मंदिरापेक्षा त्यांच्या ग्रंथातली एक व्यवस्था मोठी वाटते. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांवर त्यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. त्यात त्यांनी अगदी व्यवहारी प्रश्न घेतला आहे : परक्या सत्तेमुळे देवाचं लिंग जागेवर नसेल तर यात्रेकरूने काय करावं? उत्तर थोडक्यात असं, की त्या जागेलाच प्रदक्षिणा घालावी, नमस्कार करावा, आपला नेम मोडू नये.

जरा थांबून विचार करा. देऊळ नाही, मूर्ती नाही, समोर रिकामी जागा आहे, आणि एक शांत माणूस सांगतोय, ‘चालत राहा. जागा आपल्याला आठवते आहे, तोवर सगळं गेलेलं नाही.’ ज्या घरातून माणूस गेलं आहे, त्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रिकाम्या खुर्चीला वळसा घालून आपण सगळेच काही महिने चाललेलो असतो.

याच घराण्याने पुढेही काम थांबवलं नाही. नारायण भट्टांचे नातू कमलाकर भट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. कोणता सण कधी, कोणतं व्रत कसं, सुतक किती दिवस, याचे निर्णय त्यात आहेत. आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांनी आणि गुरुजींनी पिढ्यान्‌पिढ्या त्याचा आधार घेतला. आणि नारायण भट्टांचे पणतू म्हणजे विश्वेश्वर भट्ट ऊर्फ गागाभट्ट. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक त्यांनी केला. काशीचं मंदिर पडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. तिथून निघालेल्या माणसाने सह्याद्रीत नवं सिंहासन उभं राहताना मंत्र म्हटले.

सासऱ्याचा राग आणि सुनेचा संयम

आता अठराव्या शतकात येऊ. मराठी फौजा उत्तरेत पोहोचल्या होत्या. १७४२ मध्ये मल्हारराव होळकरांच्या मनात आलं, की बळाने मशीद पाडून पूर्वीच्या जागी देऊळ उभं करावं. काशीतल्याच मराठी ब्राह्मणांनी हात जोडले. त्यांचं म्हणणं साधं होतं : तुमची फौज उद्या निघून जाईल, आम्हाला इथेच राहायचं आहे, सूड आमच्यावर उगवला जाईल. बेत बारगळला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांचं नुकसान झालं होतं तेच लोक सांगत होते, की नव्या आगीतून आमचं घर उभं राहणार नाही.

मग १७६१चं पानिपत आलं. तेव्हापासून आपल्या भाषेत ‘पानिपत होणं’ म्हणजे सगळं हरणं. एक पिढीच्या पिढी गेली. महाराष्ट्रात असं गाव नव्हतं जिथे कुणाची तरी वाट बघितली जात नव्हती. त्यानंतर सहा वर्षांनी, १७६७ मध्ये, होळकरांच्या दौलतीचा कारभार एका बाईच्या हाती आला. चौंडीच्या पाटलांची लेक, मल्हाररावांची सून, अहिल्याबाई.

तोवर तिचं स्वतःचं घर जवळजवळ रिकामं झालं होतं. नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला. तेव्हा सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनीच अडवलं. सासू गौतमाबाई १७६१ मध्ये गेल्या, मल्हारराव १७६६ मध्ये, आणि एकुलता एक मुलगा मालेराव १७६७ मध्ये. नुसती नावं आणि साल वाचताना धाप लागते. ही बाई पांढरं लुगडं नेसून महेश्वरला नर्मदेकाठी राहिली आणि तिने पडलेलं बांधायला घेतलं.

१७८० मध्ये काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर उभं राहिलं. सासऱ्याच्या मनात होतं ते सुनेने वेगळ्या वाटेने केलं. जुन्या जागेवरच्या मशिदीला हात न लावता, शेजारच्या जागेत. कुणाचं छप्पर पाडलं नाही आणि आपलं छप्पर उभं केलं. पुढे १८३० च्या दशकात पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी त्याच्या शिखरांसाठी सोनं दिलं. मराठी बाईचा दगड आणि शीख राजाचं सोनं. एकदा उभारणी सुरू झाली की हात आपोआप जोडले जातात, ते असे.

१७९१ : एक आई आणि एक घाट

मणिकर्णिका घाटाला पेशव्यांच्या आश्रयाने १७३० च्या सुमारास पायऱ्या झाल्या होत्या. गंगा मात्र दरवर्षी काहीतरी घेऊन जाते. १७९१ च्या सुमारास अहिल्याबाईंनी या घाटाचं काम पुन्हा करून घेतलं.

आता त्याच वर्षी महेश्वरला काय घडत होतं ते बघा. अहिल्याबाईंचा उरलेला आधार म्हणजे मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा आधीच गेला होता. १७९१ मध्ये तिचा नवरा यशवंतराव फणसेही गेला आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पाया पडून विनवलं. मुलीने ऐकलं नाही. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने पुढे १८२३ मध्ये मध्य भारतावर ग्रंथ लिहिला, त्यात ही हकीकत येते. अहिल्याबाई चितेपर्यंत गेल्या, दोघांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते, आणि त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही.

स्वतःला कधीकाळी चितेपासून परत आणलं गेलं होतं आणि स्वतःच्या लेकीला मात्र परत आणता आलं नाही, अशी ही बाई. आणि तिच्याच खर्चातून, शेकडो मैलांवर, हजारो अनोळखी माणसांच्या चितांसाठी घाट दुरुस्त होत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण मणिकर्णिकेच्या पायरीवर उभी राहिले तेव्हा मला त्या दोन्ही एकदम आठवल्या, एवढं खरं. दुःख संपल्यावर काम सुरू करू असं ती म्हणाली असती, तर एकही पायरी झाली नसती.

दगडापेक्षा मोठं बांधकाम

अहिल्याबाई म्हटलं की आपल्याला देवळं आणि घाट आठवतात. पण समाज नुसत्या देवळांनी उभा राहत नाही, त्याला रोजची भाकरी आणि रात्रीची सुरक्षित वाट लागते. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्या कामाची दुसरी यादी मला जास्त भावते.

पहिली गोष्ट, पैसा. देशभरातल्या धर्मकार्याचा खर्च तिने होळकरांच्या खासगी उत्पन्नातून केला. राज्याचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी, हा हिशोब तिने कटाक्षाने पाळला. मोडलेल्या समाजाचा विश्वास परत मिळवायचा तर आधी जमाखर्च स्वच्छ लागतो.

दुसरी गोष्ट, काम. महेश्वरला तिने विणकर आणून वसवले. आज लग्नाकार्यात आपण हौसेने नेसतो ती महेश्वरी साडी त्या वस्तीची देणगी. मधल्या काळात हा धंदा बसत चालला होता, तेव्हा १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्याच रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा सोसायटी’ सुरू करून तिथल्या विणकर बायकांना पुन्हा मागावर बसवलं. एकदा उभं केलेलं काम पुन्हा उभं करावं लागतं, हे इथेही दिसतं.

तिसरी गोष्ट, वाट. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. तिने त्यांना वाटसरूंकडून छोटा ठरावीक कर घेण्याचा हक्क दिला, ‘भिलकवडी’ म्हणून तो ओळखला जातो, आणि बदल्यात वाटेच्या राखणीची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. ज्याची भीती वाटत होती तोच राखणदार झाला.

चौथी गोष्ट, विधवांचा हक्क. नवऱ्यामागे राहिलेल्या बाईची मालमत्ता सरकारजमा करण्याऐवजी तिच्याकडेच राहू देण्याचा आणि तिला दत्तक घेऊ देण्याचा न्याय तिने केला. स्वतः विधवा असलेल्या राज्यकर्तीला बारीकसारीक कळत होतं, की संकटानंतर सर्वात आधी कुणाचं घर जातं.

तबकडी पडल्यानंतरच्या सकाळी माझ्या गावाचा कारभार कुणाकडे द्यायचा असं कुणी विचारलं, तर मी सेनापतीचं नाव घेणार नाही. मी हिचं घेईन.

आणि ज्यांना उभारणीत जागा मिळाली नाही?

इथे थांबून एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. काशी पुन्हापुन्हा उभी राहिली, पण सगळ्यांसाठी सारखी उभी राहिली नाही.

मणिकर्णिकेवर सगळ्यात जुनं काम करतात डोम समाजाची माणसं. चितेला अग्नी त्यांच्याकडूनच घ्यायचा असतो. घाटावर जपलेला हा अग्नी कधीच विझलेला नाही, अशी तिथली श्रद्धा आहे. राजे बदलले, मंदिरं पडली, पूर आले, आणि या लोकांनी अग्नी राखला. राजा हरिश्चंद्राने स्मशानात ज्याची चाकरी केली तोही डोमच, ही कथा आपण कौतुकाने सांगतो. पण अग्नी ज्याच्या हातून घेतला त्याच्या हातचं पाणी प्यायला शतकानुशतकं कुणी तयार नव्हतं. २०२१ मध्ये काशीचे डोमराजा जगदीश चौधरी यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, हा सन्मान मोठाच. तरी ऐन धगीत, अनवाणी पायांनी बांबूने चिता सारणारी पोरं बघितली, की अजून किती बांधायचं बाकी आहे ते कळतं. नीरज घायवान यांचा २०१५चा ‘मसान’ बघितला नसेल तर जरूर बघा. त्यातला दीपक काशीच्या स्मशानघाटावरच्या डोम घरातला, शिकून बाहेर पडू पाहणारा मुलगा आहे.

म्हणून कुणी ‘समाज पुन्हा उभा राहिला’ असं म्हणालं, की एक प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ : उभा राहिला म्हणजे कोण कोण उभं राहिलं?

घाटावरची मराठी

मणिकर्णिकेवरून होडीतून थोडं पुढे गेलात तर महाराष्ट्राची उजळणीच होते. शेजारी शिंदे घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधायला घेतलेला. तो स्वतःच्याच वजनाने खचला. जवळच रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ आहे, वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात आणि गाळात असतो. त्याच्या पलीकडे नागपूरकरांचा भोसले घाट. पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाचं देऊळ, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. सगळं काही टिकलं नाही, काही वाकडं झालं, काही बुडालं. आणि वाकड्या देवळातही लोक पूजा करतात.

माणसंही रुजली. मोरोपंत तांबे हे चिमाजी अप्पांच्या पदरी काशीत होते. त्यांना मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं मणिकर्णिका. आपल्याला वाटेल, लेकीला स्मशानघाटाचं नाव? पण काशीकरांसाठी ते आधी तीर्थाचं नाव आहे. विष्णूने चक्राने कुंड खणलं आणि तिथे कानातलं रत्न पडलं, म्हणून मणिकर्णिका. ही मुलगी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली.

आणि बाबूराव विष्णू पराडकर. १८८३ मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मलेले पराडकर हिंदी पत्रकारितेचे भीष्म मानले जातात. ‘आज’ या दैनिकाचे ते संपादक होते. ‘राष्ट्रपती’ हा आपण रोज वापरतो तो शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. मराठी घर परक्या गावात उभं राहतं तेव्हा ते नुसतं आपली भाषा जपत बसत नाही, त्या गावाच्या भाषेतही भर घालतं.

आपल्यावर आलेलं आक्रमण

आता आजीची गोष्ट सांगते.

माझे आजोबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. ती दुसरी लाट तुम्हालाही आठवत असेल. वेल्सच्या कादंबरीत जिवाणू माणसाच्या बाजूने लढले होते. आपल्या वेळी डोळ्यांना न दिसणारा शत्रू उलट्या बाजूला होता. काशीतही त्या महिन्यात मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर प्रेतांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्याकडे आजोबांना दवाखान्यातून परस्पर नेलं. चेहरा कुणी बघितला नाही. अस्थी बाबांनी एकट्याने नाशिकला रामकुंडात सोडल्या. आजीने त्या दिवशी नेहमीसारखा दोन माणसांचा चहा टाकला आणि मग अर्धा ओतून दिला. त्यावर ती कधी काही बोलली नाही.

अडीच वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, तिने एकच मागणं मागितलं. ‘मला काशीला ने. ह्यांच्या नावाने पाणी सोडायचंय.’

आम्ही मणिकर्णिकेवर गेलो तेव्हा पूर ओसरून काही आठवडे झाले होते. पावसाळ्यात इथे खालच्या पायऱ्या बुडतात आणि चिता वरच्या चौथऱ्यांवर न्याव्या लागतात. पाणी उतरलं की मागे उरतो गाळ, काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढा. माणसं मोठ्या पाइपातून पाण्याचा फवारा मारून तो गाळ गंगेत ढकलत होती. गाळाखालून एकेक पायरी वर येत होती. मागे लाकडांच्या राशी, वजनकाटा, चिता, मंत्र, चहावाला, शेळ्या, सगळं एकाच वेळी चालू.

आजीने फवारा मारणाऱ्याला तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, ‘हर साल इतना कीचड?’

‘हर साल, माताजी.’

‘फिर?’

‘फिर क्या? निकालते हैं.’

आजी हसली. खूप दिवसांनी हसली. मग ती पायरीवर बसली आणि समोरची एक अनोळखी चिता बघत राहिली. आमच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत, तिने आयुष्यात पहिल्यांदाच हे बघितलं. मी दोनदा म्हटलं, ‘आजी, चल आता, धूर लागतोय.’ ती उठली नाही. चितेभोवती मडकं घेऊन फिरलेला मुलगा, त्याने मागे न बघता खांद्यावरून फोडलेलं मडकं, मग त्याचं पाठ फिरवून चालत जाणं, सगळं तिने बघितलं. शेवटी म्हणाली, ‘बघितलं गं मी. आता झालं.’

मग गुरुजींनी आजोबांचं नाव आणि गोत्र विचारलं. त्यांच्या वडिलांचं नाव आजीला माहीत होतं. त्यांच्या वडिलांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं नाव विचारलं, तेव्हा आजी माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. आम्हा दोघींपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. गुरुजींनी समजुतीने ‘यथानाम’ म्हणून पुढे चालवलं. पण मला तो क्षण लागला. कुणी आक्रमण केलं नव्हतं, कुणी आग लावली नव्हती. नुसतं विचारायचं राहून गेलं, म्हणून आमच्या घरातला एक माणूस नाहीसा झाला होता.

घरातली उभारणी : तुम्ही आजच करू शकाल अशा चार गोष्टी

शहरं राजे उभी करतात, घरं आपण करतो. काशीहून आल्यावर आमच्या घरी आम्ही हे सुरू केलं. तुम्हीही करून बघा.

१. नावांची वही करा. आई-बाबांकडच्या दोन्ही बाजूंच्या जेवढ्या पिढ्या आठवतात तेवढी नावं लिहा. बायकांची माहेरची नावंही लिहा, ती सगळ्यात आधी हरवतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये अनेक मराठी घराण्यांच्या नोंदी असतात. पुढच्या वेळी गेलात की विचारा.

२. रिकामी जागा लपवू नका. गेलेल्या माणसाची खुर्ची, चष्मा, चहाचा कप लगेच माळ्यावर टाकू नका. मुलांना त्याबद्दल बोलू द्या. नारायण भट्टांनी सांगितलेली प्रदक्षिणा हीच.

३. राहिलेला निरोप पूर्ण करा. महामारीत ज्यांना शेवटचं बघता आलं नाही, अशी माणसं आपल्या घरात आहेत. त्यांच्यासाठी काशीच हवी असं नाही. एक दिवस सगळ्यांनी जमून त्या माणसाबद्दल बोललं, त्याच्या आवडीचं जेवण केलं, तरी मन हलकं होतं.

४. आपल्या उभारणीत कोण सुटलं ते बघा. त्या महिन्यांत ज्यांनी आपल्या माणसांना खांदा दिला, रुग्णवाहिका चालवली, स्मशानात रात्री जागवल्या, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का? नसतील तर शोधून, भेटून आभार मानायला अजून उशीर झालेला नाही.

आणि तुम्ही मणिकर्णिकेला गेलात, तर एक विनंती. चितांचे फोटो काढू नका. तिथे रोज कुणाच्या तरी घरातली पहिली सकाळ चालू असते.

आमच्या वहीत सध्या एकोणचाळीस नावं आहेत. खापरपणजोबांचं नाव अखेर गावाकडच्या एका चुलत आत्याला आठवलं. फोनवर तिने ते सांगितलं तेव्हा आजीने माझ्या हातून पेन घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात ते लिहिलं. मग उठली आणि चहा टाकला. दोन कप. एक तिचा, एक माझा.